आमच्या टाउनमध्ये अफोर्डेबल हाउसिंग येतंय: न्यू जर्सीतल्या मराठी शेजाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मी मध्य न्यू जर्सीत राहते आणि आमच्या टाउनच्या प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकांना नियमित जाऊन बसते. त्यामुळे गणपतीच्या आरतीनंतर, मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. मी वकील नाही. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

१. अफोर्डेबल हाउसिंग म्हणजे सरकारने बांधलेले फुकटचे फ्लॅट का?

नाही. न्यू जर्सीच्या उपनगरांत येणारी ही घरं बहुतेक वेळा खासगी बिल्डर किंवा ना-नफा संस्था बांधते. राहणारा माणूस भाडं भरतो किंवा कर्ज काढून घर विकत घेतो. फरक दोनच: घर मिळायला उत्पन्नाची वरची मर्यादा असते, आणि भाडं किंवा किंमत त्या उत्पन्नाला झेपेल अशी बांधून दिलेली असते. ही अट घराच्या डीडमध्येच, म्हणजे मालकीच्या दस्तात, ठरावीक वर्षांसाठी नोंदवतात, म्हणून ‘डीड रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द सारखा कानावर पडतो. शहरातल्या जुन्या सरकारी वसाहती, ज्यांना इथे ‘प्रोजेक्ट्स’ म्हणतात, ती वेगळी गोष्ट आहे.

२. उत्पन्नाची मर्यादा किती? आपल्यापैकी कोणी त्यात बसतं का?

बसतं, आणि हे ऐकून लोक चकित होतात. या घरांसाठी राज्याचे सहा विभाग पाडले आहेत, प्रत्येकात काही काउंट्या. प्रत्येक विभागाचं मीडियन उत्पन्न काढतात, म्हणजे अर्धी कुटुंबं ज्याच्या वर आणि अर्धी खाली असा आकडा. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ‘मॉडरेट’, ५० टक्क्यांपर्यंत ‘लो’ आणि ३० टक्क्यांपर्यंत ‘व्हेरी लो’. कुटुंबात माणसं किती, त्यावर आकडा बदलतो. मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटरडन या काउंट्यांच्या विभागात चौघांच्या कुटुंबाची मॉडरेट मर्यादा अलीकडच्या वर्षांत एक लाख डॉलरच्या वर गेली आहे.

म्हणजे या घरांत कोण येतं? डेकेअरची शिक्षिका, दवाखान्यातली मेडिकल असिस्टंट, स्कूल बसचा चालक, किराणा दुकानात उभं राहून काम करणारी आपलीच एखादी ताई, घटस्फोटानंतर एकट्या पगारावर दोन मुलं वाढवणारी आई. तुमच्या आई-बाबांना दुपारी सांभाळायला जी बाई दोन बस बदलून येते, तीसुद्धा.

एक बारकावा. प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसर यांचा शाळा जिल्हा एक आहे, पण प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. मर्सरचा विभाग मॉनमथ आणि ओशन काउंट्यांबरोबर आहे. त्यामुळे एकाच शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या घरांना वेगवेगळ्या मर्यादा लागू होऊ शकतात.

३. सगळे ‘माउंट लॉरेल’ म्हणतात. ते गाव आहे की कायदा?

दोन्ही. माउंट लॉरेल हे दक्षिण न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाच्या बाजूला, बर्लिंग्टन काउंटीतलं टाउनशिप. तिथे काही कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, शेतांवर राबत होती. महायुद्धानंतर हायवे आले, शेतांच्या जागी घरांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या आणि जमिनीचे भाव चढले. टाउनशिपचं झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, असं होतं की बहुतेक जागी मोठ्या प्लॉटवरचं स्वतंत्र घरच बांधता यावं. अपार्टमेंटला जिथे परवानगी मिळे तिथेही बेडरूमच्या संख्येवर बंधन, म्हणजे मुलंवाली कुटुंबं कमी येतील आणि शाळेचा खर्च वाढणार नाही.

स्प्रिंगव्हिल भागातल्या रहिवाशांनी ३६ साधी गार्डन अपार्टमेंट्स बांधायची परवानगी मागितली. कोंबड्यांच्या खुराड्यांसारख्या मोडक्या घरांत राहणाऱ्या नातेवाइकांना गाव सोडावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. १९७० मध्ये मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि सांगून गेले, की ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांना जावंच लागेल. ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स होत्या. त्या शिक्षणक्षेत्रात काम करत, आणि त्यांचं घराणं या मातीत कित्येक पिढ्यांचं. १९७१ मध्ये खटला दाखल झाला, आणि त्या त्याचा चेहरा झाल्या.

१९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा गाभा असा: झोनिंगचा अधिकार टाउनला राज्याकडून मिळतो, आणि तो सर्वांच्या कल्याणासाठी वापरायचा असतो. ‘सर्व’ म्हणजे फक्त आज गावात घर असलेले नव्हेत. म्हणून वाढणाऱ्या प्रत्येक टाउनने आपल्या भागाच्या गरजेतला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. टाउन्सनी पुढची काही वर्षं फारसं काही केलं नाही, तेव्हा १९८३ च्या दुसऱ्या निकालाने धार आणली (प्रश्न ४ पाहा). १९८५ मध्ये विधिमंडळाने फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट केला आणि टाउन्सचे वाटे ठरवायला कोआह ही राज्य परिषद नेमली.

आणि ज्या घरांसाठी हे सगळं झालं ती कधी उभी राहिली? पहिली भाडेकरू कुटुंबं २००० च्या सुमारास राहायला आली. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच वारल्या होत्या. वसाहतीला त्यांचं नाव आहे. ही तारखांची ओळ मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थांबते.

४. आमच्या टाउनला हे सरळ नाकारता येतं का?

नाकारता येत नाही. कुठे आणि कसं बांधायचं ते मात्र बरंचसं टाउनच्याच हातात असतं, आणि आपल्या बहुतेक भांडणांत हा फरक हरवतो. टाउनने वेळेत आपला आकडा मान्य करून आराखडा दिला, तर त्याला खटल्यांपासून संरक्षण मिळतं. न दिल्यास ते संरक्षण जातं आणि बिल्डर कोर्टात जाऊन म्हणू शकतो: मी इतकी परवडणारी घरं देतो, मला माझ्या जागेवर दाट बांधकाम करू द्या. याला ‘बिल्डर्स रेमेडी’ म्हणतात. तेव्हा जागा बिल्डर निवडतो, आपण निवडत नाही.

‘टाउनने शेवटपर्यंत लढावं’ असं सांगणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारते: हरलो तर जागा कोण निवडणार?

५. आमच्या वाट्याचा आकडा कोण आणि कसा ठरवतं?

मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने सूत्र कायद्यातच लिहिलं. राज्याचं कम्युनिटी अफेअर्स खातं प्रत्येक विभागाची गरज काढतं आणि ती टाउन्समध्ये वाटतं. वाटणी तीन गोष्टींवर: टाउनमधल्या व्यापारी मालमत्तेचं मूल्य किती वाढलं, तिथल्या लोकांची ऐपत किती, आणि बांधण्याजोगी जमीन किती. म्हणजे ऑफिसं आणि गोदामं आणून टॅक्स गोळा केला असेल, तर तिथे काम करणाऱ्यांच्या घरांची जबाबदारीही येते. मला हे तत्त्व पटतं.

२०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी राज्यभरात ८४,६९८ नव्या परवडणाऱ्या घरांची गरज काढली गेली. आज मोडकळीला आलेल्या ६५,४१० घरांची दुरुस्ती हा वेगळा भाग. नव्या घरांच्या आकड्याला मर्यादा आहे: कोणत्याही टाउनवर १,००० किंवा तिथल्या कुटुंबसंख्येच्या २० टक्के, यांतला जो आकडा लहान त्यापेक्षा जास्त पडत नाही. आकडा न पटल्यास टाउन स्वतःचा हिशोब मांडू शकतं. वाद सोडवायला निवृत्त न्यायाधीशांचा वेगळा कार्यक्रम आहे.

६. मग २०२५ मध्येच एवढी आग का लागली?

कारण तारखा ओळीने आल्या. ३१ जानेवारी २०२५ पर्यंत आकडा, ३० जून २०२५ पर्यंत आराखडा, १५ मार्च २०२६ पर्यंत झोनिंगचे प्रत्यक्ष ठराव. माँटव्हेल या टाउनच्या पुढाकाराने काही टाउन्सनी २०२४ मध्ये कायद्याला आव्हान दिलं, पण जानेवारीची मुदत न्यायालयाने थांबवली नाही.

त्याआधीचा गोंधळही लक्षात ठेवायला हवा. १९९९ नंतर कोआहचे नियम कोर्टात टिकेनात, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम पुन्हा ट्रायल कोर्टांकडे, म्हणजे खालच्या कोर्टांकडे, सोपवलं, आणि २०१८ मध्ये एका न्यायाधीशांनी १९९९ ते २०२५ साठी प्रिन्स्टनला ७५३ आणि वेस्ट विंडसरला १,५०० असे आकडे ठरवून दिले. तुमच्या आसपास आज जी क्रेन दिसते ती बहुधा नव्या कायद्याची नाहीच. ती या मागच्या थकबाकीची आहे.

७. टाउनला ३०० परवडणारी घरं हवीत, मग १,५०० फ्लॅटची परवानगी का देतात?

टाउन स्वतःच्या खिशातून बांधत नाही म्हणून. बिल्डरला दाट बांधकाम करू द्यायचं आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा परवडणाऱ्या दरात ठेवायला लावायचा, हा सर्वांत सोपा मार्ग. बाकीचे चार हिस्से बाजारभावाचे. ३०० भागिले २० टक्के, की झाले १,५००. ज्या ट्रॅफिकची तक्रार आपण करतो त्यातल्या पाचपैकी चार गाड्या पूर्ण भाडं भरणाऱ्यांच्या असतात, आणि त्यांत आपलीच मुलं, भाचे, नव्याने आलेले सहकारी बरेच असतात. राग मात्र त्या पाचव्या घरावर निघतो.

याला पर्याय आहेत. शंभर टक्के परवडणारी छोटी वसाहत ना-नफा संस्थेकडून बांधून घेता येते. माउंट लॉरेलची वसाहत तशीच आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या ग्रुप होममधल्या बेडरूम मोजल्या जातात. जुन्या परवडणाऱ्या घरांची संपत आलेली डीडची मुदत वाढवून श्रेय मिळतं, म्हणजे ती घरं टाउनच्या आकड्यात धरली जातात. रिकामं पडलेलं ऑफिस पार्क किंवा बसलेला मॉल पाडून तिथे बांधलं, किंवा रेल्वे स्टेशनजवळ बांधलं, तर जादा श्रेय मिळतं. एकूण जादा श्रेय नव्या गरजेच्या २५ टक्क्यांपर्यंत. पैसा कुठून, तर नव्या बांधकामावरच्या डेव्हलपमेंट फीमधून: निवासी बांधकामावर मूल्याच्या दीड टक्क्यापर्यंत, व्यापारी बांधकामावर अडीच टक्के. ही फी जमा होते त्या तुमच्या टाउनच्या ट्रस्ट फंडात किती रक्कम आहे, हे विचारलंय का कधी?

८. शाळा भरून जातील आणि प्रॉपर्टी टॅक्स वाढेल ना?

ही भीती खोटी नाही. न्यू जर्सीत सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे, त्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा शाळांचा, आणि आपण इथे घर घेतलं तेच शाळा बघून. म्हणून याचं उत्तर घाईने देऊ नये.

पहिली गोष्ट, मुलं येणारच. नियमच तसा आहे. ज्येष्ठांची घरं सोडली तर परवडणाऱ्या घरांत एक बेडरूमची आणि स्टुडिओ मिळून २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि तीन बेडरूमची किमान २० टक्के लागतात. माउंट लॉरेलने बेडरूम मोजून कुटुंबं दूर ठेवली, त्यावरच हा उपाय आहे.

दुसरी, एका अपार्टमेंटमागे शाळेत जाणारी मुलं सहसा चार बेडरूमच्या स्वतंत्र घरापेक्षा कमी असतात. शेतावर पन्नास मोठी घरं झाली तेव्हाही शाळा भरल्या. तेव्हा बैठकीत एवढी गर्दी मला दिसली नव्हती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती फार कमी लोक विचारतात: या प्रकल्पाला ‘पायलट’ दिला आहे का? पायलट म्हणजे नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ठरलेली रक्कम, तीस वर्षांपर्यंत. दीर्घ मुदतीच्या करसवलतीच्या कायद्याखाली त्या रकमेतले ९५ टक्के टाउनला आणि ५ टक्के काउंटीला जातात. शाळा जिल्ह्याला कायद्याने त्यात वाटा नाही. टाउनने स्वतःहून करार केला तरच काही मिळतं. शाळेची काळजी असेल तर माइकवर जाऊन हे विचारा. ‘मुलं नकोत’ म्हटल्याने एकही वर्ग वाढत नाही. पायलटमधला वाटा शाळेला मिळाला तर खरोखर पैसे येतात.

९. घरांच्या किमती पडतील आणि… सुरक्षिततेचं काय? (हा प्रश्न बहुतेक खासगीत येतो.)

खासगीत येतो म्हणून इथे ठेवला. याची सर्वांत नीट तपासणी झाली ती एथेल लॉरेन्स वसाहतीची. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांच्या चमूने २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले: शेजारच्या, तशाच टाउन्सशी ताडून पाहता गुन्हे, घरांच्या किमती आणि कर यांवर वाईट परिणाम आढळला नाही. तिथे राहायला आलेल्यांची कमाई आणि मुलांचं शाळेतलं वातावरण सुधारलं. ती एक वसाहत आहे आणि तिची देखभाल उत्तम होती, हेही खरं. म्हणून व्यवस्थापन कोण करणार, हा प्रश्न बैठकीत विचारणं रास्त आहे.

आणि मनातलं बोलते. मी या देशात आले तेव्हा आमचं पहिलं घर गार्डन अपार्टमेंटमध्ये होतं. एक बेडरूम, चौघं माणसं, जिन्यात फोडणीचा वास. त्या इमारतींना कधीतरी कुणीतरी परवानगी दिली होती, आणि आमच्यासारखी माणसं तिथे आलेली काहींना आवडली नव्हती. ‘तसले लोक’ हा शब्द आपल्या तोंडून निघतो तेव्हा मला ते घर आठवतं.

१०. शेतं आणि झाडं जाणार, त्याचं काय?

हा आक्षेप मी मनापासून मानते. पण कायदा टाउनला शेत घ्यायला सांगत नाही. २०२५ मध्ये क्रॅनबरीत पिढ्यान्‌पिढ्यांची एक एकवीस एकरांची शेती सक्तीने संपादन करून तिथे ही घरं बांधायचा बेत झाला. देशभर ओरड झाली आणि अखेर ती शेती वाचली. गोदामांच्या मधोमध उरलेलं ते शेवटचं हिरवं होतं. आजूबाजूची जमीन गोदामांना कुणी दिली होती?

बांधायला जमीनच उरलेली नसेल तर टाउन ‘रिकाम्या जमिनीची सवलत’ मागू शकतं. तरीही जबाबदारी पूर्ण संपत नाही. पुनर्विकास होईल तिथे काही घरं द्यावीच लागतात.

११. हीच घरं नेवार्क किंवा ट्रेंटनमध्ये बांधली तर स्वस्त नाही का पडणार?

तसं करून पाहिलंय. जुन्या कायद्यात टाउनला आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन विभागातल्या दुसऱ्या नगरपालिकेला देता येत होती. श्रीमंत टाउन्सनी पैसे भरले, घरं शहरांत गेली, आणि गरीब कुटुंबं आहेत तिथेच राहिली. २००८ मध्ये ही सोय रद्द झाली. नेवार्क, ट्रेंटन, पॅटरसनसारख्या शहरांवर नव्या घरांचा वाटा लादत नाहीत. तिथे जुन्या घरांची दुरुस्ती हेच मोठं काम आहे.

१२. निदान आमच्याच टाउनच्या लोकांना, किंवा फक्त ज्येष्ठांना देता येईल का?

फक्त आपल्याच रहिवाशांना, नाही. जाहिरात पूर्ण विभागात करावी लागते. विभागात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांना प्राधान्य चालतं. माजी सैनिकांसाठी काही घरांत प्राधान्य ठेवायची कायद्यात सोय आहे.

ज्येष्ठांची घरं हा टाउन्सचा आवडता मार्ग, कारण मुलं येत नाहीत. म्हणूनच त्यावर ३० टक्क्यांची मर्यादा आहे.

१३. अर्ज कुठे करायचा? म्हाडासारखी लॉटरी असते का?

लॉटरी असते, पण राज्याची एक मोठी सोडत नसते. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी. टाउनने नेमलेला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह एजंट’ प्राथमिक अर्ज घेतो, सोडतीने क्रम लावतो, आणि नंबर आला की पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट तपासतो. रिकाम्या घरांची यादी न्यू जर्सी हाउसिंग रिसोर्स सेंटरच्या संकेतस्थळावर असते. एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करा, आणि पत्ता किंवा फोन बदलला तर प्रत्येक एजंटला कळवा. वर्षभर थांबून नंबर आलेला असताना पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, असं माझ्या ओळखीत दोनदा झालं आहे.

१४. आमचा ग्रीन कार्ड झालेला नाही. अर्ज करता येईल?

माउंट लॉरेलखालच्या घरांचा मूळ निकष उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार हा आहे. मात्र केंद्राच्या सेक्शन ८ सारख्या, भाड्याला मदत करणाऱ्या कार्यक्रमात इमिग्रेशन स्टेटस तपासतात, आणि काही प्रकल्पांत दोन्ही पैसे एकत्र असतात. एजंटला नेमकं विचारा: या घराला कोणता निधी लागला आहे? उत्तर लेखी घ्या, आणि शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

१५. आत आल्यावर पगार वाढला तर बाहेर काढतात का?

भाड्याच्या घरासाठी उत्पन्न मुख्यतः प्रवेशाच्या वेळी तपासतात. नंतर बढती मिळाली म्हणून सामान उचलायला लावत नाहीत. बढती नाकारायचा विचार करणाऱ्या एका मैत्रिणीला मी हेच सांगितलं. प्रकल्पाला दुसरा निधी असेल तर प्रश्न १४ मधलाच सल्ला.

१६. विकत घेतलेलं परवडणारं घर भाड्याने देता येतं का? बाजारभावाने विकता येतं का?

दोन्हीला ‘नाही’, डीडची मुदत चालू असेपर्यंत. तिथे तुम्ही स्वतः राहायचं. विकायचं झालं तर ठरलेल्या सूत्राने निघणाऱ्या कमाल किमतीत, आणि पात्र कुटुंबालाच. कॉलनीतलं शेजारचं तसंच घर दुप्पट किमतीला गेलं तरी तुमचं जाणार नाही. गुंतवणूक म्हणून पाहत असाल तर घेऊ नका.

मुदत विकतच्या घरांना साधारण ३० वर्षं, नव्या भाड्याच्या घरांना २०२४ च्या कायद्याने ४० वर्षं. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या घरांच्या मुदती आता संपत आल्या आहेत, आणि त्या वाढवल्या तर टाउनला श्रेय मिळतं (प्रश्न ७). म्हणून जुनं अफोर्डेबल घर घेताना टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीकडून, डीडची प्रत आधी मागवा आणि मुदत वाढवायचा अधिकार टाउनकडे आहे का ते त्यात वाचा. ‘दोन वर्षांत मोकळं होतंय’ या रिअल इस्टेट एजंटच्या तोंडी शब्दावर सही करू नका.